ओला कचरा जिरवायचा, तर पाला जाळू नका

महोदय,

ओल्या कचऱ्याचे खत आवारातच करावे, हे आवाहन पुणेकरांना आता नवे राहिलेले नाही. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या गृहसंकुलांना तसे सांगितले, आणि खतप्रकल्प असलेल्या मिळकतींना महापालिका करात सवलतही देते. तरीही अनेक सोसायट्यांतील खतटाक्या वर्ष-दोन वर्षांत ओस पडतात. त्याचे खापर रहिवाशांच्या आळसावर फोडले जाते, पण माझ्या अनुभवाने खरे कारण वेगळे आहे.

आमच्या सोसायटीच्या दोन विटांच्या टाक्या पहिल्याच पावसाळ्यात बंद पडल्या. दुर्गंधी, चिलटे आणि झाकणावर चढणाऱ्या अळ्या यांना तळमजल्यावरचे लोक कंटाळले आणि टाक्यांवर फरशी टाकून कुंड्या मांडण्यात आल्या. त्याच टाक्यांपासून पंधरा पावलांवर माळीबुवा रोज सकाळी बदामाचा पाला झाडून पेटवत असत. उघड्यावर कचरा जाळण्यास त्याच नियमांनी मनाई केली होती, ही गोष्ट निराळीच. पण टाकीला ज्याची भूक होती तेच आम्ही जाळत होतो.

खरकटे, भाज्यांचे देठ, फळांच्या साली यांत पाणी आणि नत्र (नायट्रोजन) भरपूर असते, कर्ब (कार्बन) त्या मानाने कमी. असा कचरा नुसताच टाकीत ओतत गेले, की तो दबून बसतो, आत हवा उरत नाही आणि खत होण्याऐवजी तो सडतो. बादलीभर ओल्या कचऱ्यावर निदान तेवढाच, कर्बाने भरलेला कोरडा पाला पसरला आणि थर अधूनमधून हलवला, तर ढीग आतून तापतो, हिवाळ्याच्या सकाळी फावडे घातले की वाफा निघतात आणि वास येतो तो ओल्या मातीचा. मूठभर घेऊन दाबल्यावर हात ओलसर व्हावा पण पाणी ठिबकू नये, एवढीच त्याची परीक्षा. बाजारातील महागड्या कल्चरने (खत लवकर व्हावे म्हणून घालायच्या जिवाणूंच्या मिश्रणाने) पाल्याची उणीव भरून निघत नाही.

अडचण अशी, की पानगळ मुख्यत्वे फेब्रुवारी ते एप्रिल या काळात होते आणि पाल्याची खरी गरज पडते पावसाळ्यात. म्हणून गेल्या उन्हाळ्यात आम्ही सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत पाला भरून जिन्याखाली रचून ठेवला. फरशी काढून पुन्हा सुरू केलेल्या टाक्या या वर्षी भर पावसातही चालू राहिल्या आणि तळमजल्यावरून एकही तक्रार आली नाही. (तेलकट रस्सा आणि हाडे मात्र आम्ही अजून टाकीत घालत नाही.)

उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या ग्रामस्थांनी शहराच्या कचऱ्यापायी विहिरींचे पाणी नासलेले पाहिले आहे. त्यांच्याकडे पाहून तरी प्रशासनाने दोन गोष्टी कराव्यात. करसवलत टाकी बांधल्याबद्दल न देता ती चालू असल्याचे दरवर्षी पाहून द्यावी. आणि रस्त्यावरचा पाला इतर कचऱ्यात न मिसळता वेगळ्या पोत्यांत भरून मागेल त्या सोसायटीला द्यावा. आमच्या वाटणीची पोती उचलून आणण्याचा खर्च आम्ही करू.

एक रहिवासी, सहकारनगर, पुणे