फोनवरचा चष्मा आणि कुणीच न ठेवलेला निरोप

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आई, फोनच्या वरच्या पट्टीत दिसणारा तो चष्मा म्हणजे कुणाचाही निरोप नाही. सगळ्यात आधी हेच लिहिते, कारण रविवारी तू पुन्हा पुन्हा विचारत होतीस, "मिरजेहून मावशीने काही सांगायचा प्रयत्न केला नसेल ना?" नाही केलेला. मी स्वतः खात्री करून घेतली आहे, कशी ते पुढे लिहितेच. तेव्हा रात्री उठून फोन बघणं आजपासून बंद कर. तुझी झोप मोडतेय या विचाराने मला इथे अमेरिकेत चैन पडत नाही.

व्हिडिओ कॉलवर हे सगळं सांगणं अवघड होतं. मध्येच आवाज तुटतो, आणि बाबांना तर प्रत्येक गोष्ट लिहून घ्यायची असते. म्हणून पत्रच लिहिते. सौरभला सांगून मोठ्या अक्षरात प्रिंट काढून घ्या.

आधी तो चष्मा काय आहे ते. दोन गोल आणि त्यांना खालून जोडणारी आडवी रेघ, ही टेपची दोन चाकं आहेत. अमेरिकेत पूर्वी घरोघरी फोनला कॅसेटचं यंत्र जोडलेलं असायचं. घरी कुणी नसेल तर फोन करणारा त्यावर बोलून ठेवायचा. आता ते काम मोबाइल कंपनीच्या सर्व्हरवर होतं, त्यालाच व्हॉइसमेल म्हणतात. चित्र मात्र कॅसेटचंच राहिलं. इकडे व्हॉइसमेल अजून रोजच्या वापरात आहे. डॉक्टरांचं क्लिनिक, औषधाचं दुकान, मुलांची शाळा, सगळे निरोप ठेवतात. आपल्याकडे ती पद्धत रुजलीच नाही. फोन उचलला नाही तर माणूस पुन्हा लावतो, नाहीतर मिस कॉल देतो, फार तर व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून ठेवतो. सांगली-मिरजेचं आपलं कुणी व्हॉइसमेलवर काही ठेवेल, ही शक्यताच मनातून काढून टाक.

आता बाबांसाठी. बाबा, तुम्ही विचारलंत, "निरोप नाही तर मग ही खूण फोनला सुचली कुठून?" प्रश्न बरोबर आहे.

कुणी निरोप ठेवला की मोबाइल कंपनी तुमच्या फोनला एक खास एसएमएस पाठवते. तो तुमच्या मेसेजमध्ये दिसत नाही, कारण तो माणसासाठी नसून फोनसाठी असतो. त्यात एवढंच लिहिलेलं असतं की व्हॉइसमेलची खूण लाव. निरोप ऐकून झाला, पुसला गेला, की तसाच दुसरा एसएमएस येतो : खूण काढ. दोन्हींत फरक फक्त एका बिटचा, म्हणजे एक किंवा शून्य अशा एका आकड्याचा. एक असेल तर निरोप आहे, शून्य असेल तर नाही. फोनला प्रत्यक्ष निरोपांची काहीच माहिती नसते. शेवटचा जो हुकूम पोचला, तोच फोन पाळत बसतो.

तुमच्या कचेरीतल्या आवक-जावक रजिस्टरसारखंच आहे हे. आवकची नोंद झाली, प्रकरण निकालीही निघालं, पण जावकचा कागद वाटेत गहाळ झाला. मग रजिस्टरमध्ये ते प्रकरण प्रलंबितच दिसणार, कुणी कितीही वेळा पान उलटलं तरी.

तुमच्या बाबतीत तो कागद कुठे गहाळ झाला तेही सांगते. फोनमध्ये दुसऱ्या जागी तुमचं इथलं अमेरिकेचं सिम अजून आहे. तुम्ही निघालात त्या दिवशी विमानतळावर सामानाच्या गडबडीत कुणाचा तरी फोन उचलायचा राहिला असणार. त्याने निरोप ठेवला आणि खूण लागली. मग तुम्ही विमानात बसलात. इथल्या कंपन्या न ऐकलेले निरोप काही दिवसांनी आपोआप पुसून टाकतात. तसा तो पुसला गेला आणि खूण काढण्याचा एसएमएस निघाला. पण तोवर ते सिम सांगलीत होतं, आणि त्या प्रीपेड प्लॅनमध्ये भारतातलं रोमिंग नाही. असा एसएमएस पोचवायचा प्रयत्न नेटवर्क काही काळ करतं आणि मग सोडून देतं.

मी इथून तुमच्या त्या नंबरवर फोन लावला, व्हॉइसमेलचा पिन टाकला आणि पेटी उघडून बघितली. रिकामी आहे. एकही निरोप नाही, नवा नाही की जुना नाही. मावशीचा नाही, क्लिनिकचाही नाही. क्लिनिकला मी वेगळा फोन करून विचारलं. बाबांचे रिपोर्ट तुम्ही इथे असतानाच पूर्ण झाले होते, त्यांच्याकडून काहीही बाकी नाही.

आता दुकानदाराचं. स्टँडजवळच्या त्या मोबाइलवाल्याने "फोन फॉरमॅट मारू, जाईल" असं सांगितलं म्हणालात. कृपा करून हे करू नका. मुलगा चांगला असेल, पण हा उपाय चुकीचा आहे. ही खूण लागल्याची नोंद बहुतेक वेळा सिमकार्डावरच लिहिलेली असते. त्यासाठी सिममध्ये वेगळी जागा ठेवलेली असते. म्हणूनच तुम्ही फोन बंद करून चालू केलात तरी चष्मा परत आला. फॉरमॅट केल्यावरही तेच सिम आत राहणार, आणि चष्माही पुन्हा येऊ शकतो. जाईल ते बाकीचं : आईने काढलेले बाळाचे फोटो, बँकेची अ‍ॅप, यूपीआय, व्हॉट्सअ‍ॅपवरचं जुनं बोलणं. नको ते धाडस. सौरभने सुचवलेलं ‘नेटवर्क सेटिंग रीसेट’सुद्धा नको. त्यात अनेक फोनमध्ये वायफायचे पासवर्ड जातात आणि ब्लूटूथच्या सगळ्या जोडण्याही पुसल्या जातात. बाबांचं श्रवणयंत्र ब्लूटूथवरच फोनशी जोडलेलं आहे. ते पुन्हा जोडायला डॉक्टरांच्या माणसाला किती दिवस बोलवावं लागलं होतं, आठवतंय ना?

मग करायचं काय? वरून पट्टी खाली ओढा आणि त्या सूचनेत कोणत्या सिमचं नाव लिहिलंय ते वाचा. फक्त वाचायचं, त्यावर बोट दाबायचं नाही. दाबलं तर फोन अमेरिकेच्या व्हॉइसमेलला कॉल लावायला जातो. आत्ता रोमिंग नाही म्हणून तो लागत नाही, पण पुढे कधी प्लॅन बदलला तर असा एक कॉल महागात पडेल. १ चा आकडा दाबून धरणं हाही व्हॉइसमेलला फोन लावायचाच रस्ता आहे, तोही नको.

दुसऱ्या सिमचं नाव असेल, तसंच असणार, तर सेटिंगमध्ये जाऊन सिमकार्डांची यादी उघडा आणि दुसऱ्या सिमसमोरचं बटण बंद करा. बहुतेक फोनमध्ये सिम बंद होताच चष्मा जातो. नाही गेला तर फोन एकदा बंद करून चालू करा. सिम हाताने काढायला जाऊ नका. घाईत भारताचं सिम बाहेर आलं तर यूपीआय आणि बँकेची अ‍ॅप अडून बसतात, कारण ती त्या सिमला बांधलेली असतात. मग पुन्हा नोंदणी, पुन्हा ओटीपी, आणि बाबांचा अख्खा दिवस त्यात जाईल.

सिम बंद केल्याने नंबर जात नाही. त्याचं रिचार्ज मी इथून करतेच. तो नंबर क्लिनिकमध्ये आणि औषधाच्या दुकानात नोंदवलेला आहे, म्हणून मला तो सोडायचा नाही. पुढच्या मे महिन्यात तुम्ही याल तेव्हा सिम चालू करू. चष्मा पुन्हा दिसलाच, तर मी माझ्या फोनवरून तुमच्यासाठी एक छोटा निरोप ठेवीन आणि आपण तो ऐकून पुसू. मग कंपनीकडून नव्याने दोन्ही एसएमएस येतील आणि दुसरा फोनपर्यंत नीट पोचेल. अडकलेली खूण काढायचा माझ्या मते हाच सगळ्यात चांगला मार्ग, पण त्यासाठी सिम नेटवर्कवर असावं लागतं.

सूचनेत पहिल्या सिमचं, म्हणजे भारताच्या नंबरचं नाव असेल, तर १९८ वर फोन करा. ग्राहकांच्या तक्रारींसाठीचा नंबर आहे तो. त्यांना एवढंच सांगा : "व्हॉइसमेलची सूचना जात नाही, ती तुमच्याकडून रीसेट करा."

आणखी एक रस्ता आहे. सेटिंगमध्ये अ‍ॅप, त्यात फोन, त्यात नोटिफिकेशन, आणि तिथे व्हॉइसमेलचं बटण बंद. त्याने चष्मा दिसायचा थांबेल, पण मूळ नोंद तशीच राहील. पुढच्या वर्षी इथे आल्यावर क्लिनिकचा खरा निरोप आला तर तोही दिसणार नाही. म्हणून हा उपाय मला शेवटीच हवा. पण सिम बंद करूनही आईचा जीव त्या खुणेत अडकत असेल, तर खुशाल करा. पुढचं मी बघून घेईन.

इथपर्यंतचं सगळं निरुपद्रवी आहे. आता जे लिहिते ते दोघांनीही शांतपणे वाचा, कारण मला खरी काळजी याचीच वाटते.

व्हॉइसमेलचं नाव सांगून लोकांना फसवलं जातं. २०२१ मध्ये युरोपात आणि ऑस्ट्रेलियात अँड्रॉइड फोनवर असे मेसेज पसरले होते : तुमच्यासाठी निरोप आहे, ऐकायला लिंक दाबा. लिंक दाबली की अ‍ॅप घ्यायला सांगायचे. ते अ‍ॅप म्हणजे फ्लूबॉट, बँकेचे पासवर्ड चोरणारं. फोनमधल्या सगळ्या ओळखीच्या नंबरांवर ते स्वतःच तसेच मेसेज पाठवायचं, म्हणून ते इतकं पसरलं. अकरा देशांच्या पोलिसांनी मिळून तपास केला, डच पोलिसांनी त्याची यंत्रणा तोडली, आणि जून २०२२ मध्ये युरोपोलने, म्हणजे युरोपीय संघाच्या पोलिस संस्थेने, ते जाहीर केलं. एक बंद झालं, पण ही युक्ती कुणीही पुन्हा वापरू शकतं. आपल्याकडे आता लग्नपत्रिकेच्या किंवा वाहतुकीच्या चलनाच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल येते, तीही त्याच जातीची.

ज्या माणसाला महिनाभर वाटतंय की आपला कुणाचा तरी निरोप अडकलाय, तो अशी लिंक पटकन दाबेल. म्हणून मी या चष्म्याच्या इतकी मागे लागले आहे. खरा व्हॉइसमेल ऐकायला लिंक लागत नाही, नवं अ‍ॅप लागत नाही, ओटीपी तर कधीच लागत नाही. कुणी फोन करून "तुमचा व्हॉइसमेल सुरू करून देतो, *४०१* लावून हा नंबर दाबा" म्हणालं, तर फोन ठेवून द्या. त्या आकड्यांनी तुमचे येणारे कॉल दुसऱ्याच्या नंबरवर वळू शकतात, आणि फोनवरून सांगितला जाणारा ओटीपीही त्याच्याकडे जाऊ शकतो. यावरून इतक्या फसवणुकी झाल्या की दूरसंचार विभागाने कंपन्यांना १५ एप्रिल २०२४ पासून ही कोडवाली सोय थांबवायला सांगितली. चुकून काही दाबलं गेलंच, तर घाबरायचं नाही, लपवायचं तर मुळीच नाही. आधी १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या नंबरवर फोन, मग बँकेला, मग मला. इथे रात्र आहे का दिवस, हे बघू नका.

आई, घरात काही महत्त्वाचं घडलं तर मावशी तुलाच फोन करील, तू नाही उचललास तर बाबांना, नाहीतर सौरभला, आणि तिघांपैकी कुणी नाही उचलला तर रिक्षा करून दारात येईल. ती तशीच आहे. तिच्या खुशालीसाठी पट्टीतल्या चित्राकडे बघायची गरज नाही. उद्या दुपारी तिला फोन लाव आणि निवांत बोल.

रविवारी तुमच्या संध्याकाळी साडेसातला मी व्हिडिओ कॉल करीन. तोवर सिमचं बटण बंद करून ठेवा. नाही जमलं तर तसंच राहू दे, सौरभचा फोन समोर धरून आपण मिळून करू.

तुमची,
मुग्धा

ता. क. बाबा, श्रवणयंत्राच्या बॅटरीची पाकिटं वेगळ्या पार्सलने पाठवली आहेत. पार्सल आलं की कुरिअरवाल्याला ओटीपी द्यावा लागला तर तेवढा द्या, पण पाकीट हातात घेतल्यावरच.