उपरोधिक कादंबरी कोणाच्या हाती द्यावी?

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत वाचनीय पुस्तकांच्या शिफारशी अधूनमधून येत असतात आणि त्यांत उपरोधिक कादंबऱ्यांचीही नावे असतात, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र ही नावे बहुधा 'हलकेफुलके वाचन' किंवा 'विनोदी पुस्तके' अशा शीर्षकाखाली दिली जातात आणि पुस्तक कोणत्या वाचकाला रुचेल, कोणाला रुचणार नाही, याविषयी एखादे वाक्यही नसते. प्रवासवर्णन किंवा रहस्यकथा या बाबतीत एवढ्याने भागते. उपरोधाच्या बाबतीत भागत नाही, कारण हसण्याच्या अपेक्षेने पुस्तक उघडणारा वाचक पन्नासाव्या पानापर्यंत वैतागतो आणि ज्याला ते खरोखर भावले असते, तो 'आपल्याला विनोदी काही नको' म्हणून त्याकडे फिरकतही नाही. माझे म्हणणे असे की, उपरोधिक कादंबरीचा सर्वांत चांगला वाचक तोच असतो, ज्याच्या व्यवसायाची, श्रद्धेची किंवा सवयीची तीत टिंगल केलेली असते. आपण मात्र ती नेमकी त्याच्या विरोधकाला वाचायला देतो.

जॉर्ज ऑर्वेल यांची 'ॲनिमल फार्म' घ्या. शेतावरच्या प्राण्यांच्या बंडाच्या रूपकातून ती रशियन क्रांतीची आणि तिच्यानंतरच्या राजवटीची टिंगल करते. दुसऱ्या महायुद्धात रशिया ब्रिटनचा मित्र असल्यामुळे हे हस्तलिखित अनेक प्रकाशकांनी नाकारले आणि अखेर 1945 मध्ये ते छापले गेले. तेव्हापासून डाव्या विचारांचा तिटकारा असलेले वाचक ते मोठ्या चवीने वाचत आले आहेत. ऑर्वेल स्वतः समाजवादी होते, याचा या मंडळींना सोयीस्कर विसर पडतो. त्यांना या पुस्तकातून मिळते ते केवळ आधीच ठाऊक असलेल्या मताला अनुमोदन. याउलट ज्याने एखाद्या संघटनेत, चळवळीत किंवा संस्थेत उमेदीची वर्षे घातली आहेत, त्याने यातला शिडीचा प्रसंग वाचावा. मध्यरात्री धाडकन आवाज होतो, प्राणी धावत येतात, तर भिंतीवर लिहिलेल्या सात नियमांखाली शिडी मोडून पडलेली, शेजारी कंदील, ब्रश आणि पांढऱ्या रंगाचा डबा, आणि मधोमध नेत्याचा प्रवक्ता डुक्कर भोवळ येऊन पडलेला. याचा अर्थ कोणालाच लागत नाही. म्हाताऱ्या गाढवाला तेवढा लागतो, पण ते बोलत नाही. पुढे काही दिवसांनी शेळीच्या लक्षात येते की, 'कोणताही प्राणी दारू पिणार नाही' या नियमाला 'प्रमाणाबाहेर' हा शब्द चिकटला आहे. आपल्या संस्थेच्या घटनेत अशी दुरुस्ती होताना ज्याने मुकाट्याने हात वर केला असेल, त्याच्यासाठी हे पुस्तक आहे. शंभरेक पानांचे असल्याने सवड नाही ही सबबही चालणार नाही.

जोनाथन स्विफ्ट यांच्या 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'वर तर आपण सर्वांनी मिळून अन्यायच केला आहे. 1726 मध्ये प्रौढांसाठी लिहिलेले हे झणझणीत पुस्तक आपण काटछाट करून मुलांच्या कपाटात ठेवले. मुलांच्या आवृत्त्यांत बहुधा बुटक्यांचा आणि राक्षसांचा असे पहिले दोनच प्रवास असतात. अंडे रुंद टोकाकडून फोडावे की निमुळत्या, या वादात निमुळत्या टोकापुढे मान तुकवण्याऐवजी अकरा हजार माणसांनी मरण पत्करले, हा तपशील लहानपणी गंमत म्हणून निसटून जातो. माझी शिफारस तिसऱ्या प्रवासाची आहे, आणि ती संशोधनसंस्थांत, विद्यापीठांत किंवा अनुदानांवर चालणाऱ्या कोणत्याही कार्यालयात काम करणाऱ्यांना. लागाडो या काल्पनिक शहराच्या अकादमीत एक काजळी माखलेला गृहस्थ आठ वर्षे काकड्यांमधून सूर्यकिरण काढण्याच्या प्रकल्पावर काम करत असतो. हे किरण कुप्यांत बंद करून थंड उन्हाळ्यात हवा गरम करण्यासाठी वापरायचे असतात. आणखी आठ वर्षांत काम फत्ते होईल असा त्याचा भरवसा आहे, अडचण एवढीच की यंदा काकड्या महाग झाल्याने काहीतरी वर्गणी मिळावी. प्रकल्प-अहवाल लिहिणाऱ्या माणसाला इथे जे हसू फुटेल, ते इतरांना फुटणार नाही. चौथा प्रवास मात्र मनुष्यजातीविषयीच्या घृणेने भरलेला आहे. मन आधीच खिन्न असेल तर तो पुढे ढकलावा.

आता ज्या पुस्तकावर माझा विशेष जीव आहे त्याविषयी. निकोलाय गोगोल यांची 'डेड सोल्स' (म्हणजे 'मृत आत्मे') 1842 मध्ये प्रसिद्ध झाली. तिची कल्पना ज्याने कधी दप्तर सांभाळले आहे, त्याला एका वाक्यात कळेल. रशियातील जमीनदारांना आपल्या भूदासांवर, म्हणजे जमिनीला जखडलेल्या त्यांच्या मालकीच्या कुळांवर, कर भरावा लागे, आणि तो मागच्या शिरगणतीच्या आकड्यानुसार. मधल्या काळात भूदास मेला तरी पुढच्या शिरगणतीपर्यंत कागदावर तो जिवंतच. चिचिकोव्ह नावाचा गुळगुळीत बोलण्याचा गृहस्थ गावोगाव फिरून हे कागदावरचे मृत जीव स्वस्तात विकत घेत सुटतो, कारण पुढे त्यांना जिवंत म्हणून गहाण टाकून कर्ज उचलायचा त्याचा बेत असतो. पुस्तके छापण्याआधी तपासणाऱ्या मॉस्कोतील परीक्षण-मंडळात नावावरूनच हरकत निघाली. आत्मा अमर असतो, तो मृत कसा असेल, असा हा आक्षेप होता. कादंबरीतला एखादा प्रसंग वाटावा, असाच तो आहे.

यातली खरेदी-विक्रीची प्रकरणे मुद्दाम सावकाश वाचावीत. कोरोबोच्का या विधवा जमीनदारणीला मेलेली माणसे विकायला नैतिक अडचण अजिबात वाटत नाही. तिला भीती एकच, की बाजारभाव ठाऊक नसल्याने आपण ठकवले तर जाणार नाही ना. न जाणो, घरच्या कामाला ती कधी उपयोगी पडायची, असेही तिच्या मनात येते. अखेर हा 'चालू भाव' विचारायला ती स्वतः शहरात येते आणि चिचिकोव्हचे बिंग फुटायला तीही कारण होते. दुसरीकडे सोबाकेविच हा अस्वलासारखा जमीनदार एका मृत जिवाचे शंभर रुबल मागतो आणि मेलेल्या सुताराच्या ताकदीचे, गाड्या बनवणाऱ्याच्या कसबाचे असे वर्णन करतो, जणू ती माणसे बाहेर अंगणात उभी आहेत. सौदा अडीच रुबलवर पटतो. नोंदणी, महसूल, विमा, कर्जवाटप अशा कोणत्याही कामात ज्यांचे आयुष्य गेले आहे, त्यांना या घासाघिशीत आपल्या ओळखीची माणसे दिसतील. कथानकाला नीट शेवट हवा असा आग्रह असणाऱ्यांनी मात्र या वाटेला जाऊ नये. दुसऱ्या भागाचे हस्तलिखित गोगोल यांनी मृत्यूच्या काही दिवस आधी, 1852 मध्ये जाळून टाकले आणि हाती उरली ती पाने अपुरी आहेत.

गोगोल आवडलेल्या वाचकाने थेट श्रीलाल शुक्ल यांच्या 'राग दरबारी'कडे वळावे. 1968 च्या या हिंदी कादंबरीला पुढच्याच वर्षी साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ती शक्यतो मूळ हिंदीतूनच वाचावी, कारण तिचा निम्मा उपरोध भाषेच्या ठसक्यात आहे. लेखक स्वतः उत्तर प्रदेशच्या प्रशासकीय सेवेत होते, त्यामुळे कादंबरीतल्या शिवपालगंज गावची शाळा, सहकारी संस्था आणि ग्रामसभा यांचे वर्णन बाहेरून डोकावणाऱ्याचे नाही. तहसील कचेरीतून एका दस्ताची नक्कल मिळवण्यासाठी खेटे घालणारा लंगड हे यातले अविस्मरणीय पात्र आहे. त्याने लाच न देण्याची शपथ घेतलेली असते आणि कारकुनाने लाच न घेता सर्व काही नियमानेच करण्याची, मग नक्कल मिळणार कशी? सरकारी नोकरीत नुकत्याच लागलेल्या तरुणाला भेट द्यायला यापेक्षा चांगले पुस्तक मला सुचत नाही. स्त्रीपात्रांना यात जवळजवळ स्थानच नाही, ही उणीव मात्र आजच्या वाचकाला नक्की खटकेल. फकीरमोहन सेनापती यांची 'छ माण आठ गुंठ' ही उडिया कादंबरी तर याहून कितीतरी जुनी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची. तिचा निवेदक जमीनदाराची बाजू इतक्या भोळेपणाने मांडतो की, प्रत्येक समर्थनासरशी तो जमीनदार अधिकच उघडा पडतो. शालजोडीतले कसे द्यावेत, हे ज्यांना शिकायचे असेल त्यांनी ती अनुवादातून का होईना, जरूर वाचावी.

ज्यांना वरिष्ठांच्या हुकमाखाली दिवस काढावे लागतात, त्यांच्यासाठी दोन युद्धकादंबऱ्या आहेत, आणि त्यांची गल्लत करू नये. यारोस्लाव्ह हाशेक यांचा 'द गुड सोल्जर श्वेक' हा साधाभोळा दिसणारा सैनिक प्रत्येक हुकूम इतक्या निष्ठेने पाळतो की, हुकूम देणाराच रडकुंडीला येतो. ऑस्ट्रियाचा युवराज आर्चड्यूक फर्डिनांड मारला गेल्याची बातमी येते, तेव्हा तो शांतपणे विचारतो की कोणता फर्डिनांड, कारण त्याच्या ओळखीचे दोन आहेत आणि दोघेही गेले तरी नुकसान नाही. पुढे गुत्त्याचा मालक पकडला जातो, कारण माश्यांनी घाण केल्यामुळे त्याने सम्राटाची तसबीर भिंतीवरून उतरवून ठेवलेली असते. हाशेक 1923 मध्ये वारल्यामुळे कादंबरी अपुरी राहिली, पण तिचे सुटे प्रसंग कुठूनही वाचता येत असल्याने ते फारसे जाणवत नाही. जोसेफ हेलर यांची 'कॅच-22' (1961) तशी नाही. हेलर स्वतः दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानातून साठ मोहिमांवर गेले होते. वेडा असेल त्याला मोहिमेतून सुटका, पण सुटका मागणारा शहाणाच असला पाहिजे म्हणून त्याला नकार, हा तिचा गाभा सर्वश्रुत आहे. काळाची क्रमवारी मुद्दाम विस्कटलेली असल्याने पुष्कळ वाचक ती अर्ध्यात टाकून देतात. त्यांना सांगणे एवढेच की, कोणत्या प्रसंगानंतर काय घडले याचा हिशेब ठेवूच नये, फक्त कर्नल मोहिमांचा आकडा कसा वाढवत नेतो तेवढे पाहावे. शेवटाकडे हसू ओसरत जाते आणि विमानातल्या जखमी पोराचा प्रसंग पुरता उलगडतो. तिथे पोचायला धीर लागतो. ज्याला केवळ मन रमवायचे आहे, त्याला श्वेकच द्यावा.

जाड पुस्तकांचा धसका असणाऱ्यांसाठी व्होल्तेअर यांची 'कांदीद' (1759) आहे. तीस आखूड प्रकरणांत भूकंप, युद्ध, धर्मपीठाची चौकशी असे सारे येऊन जाते आणि 'जे घडते ते भल्यासाठीच' हे गुरुजींचे पालुपद काही थांबत नाही. सकारात्मक विचारांच्या व्याख्यानांना नेमाने जाणाऱ्या स्नेह्याला ती जरूर द्यावी, मात्र तीतील क्रौर्याची आगाऊ कल्पना देऊन. भुताखेतांच्या कथांत रमणाऱ्या किशोरवयीन मुलामुलींना जेन ऑस्टिन यांची 'नॉर्थँगर ॲबी' रुचेल. तिची नायिका वादळी रात्री जुन्या कपाटातून धडधडत्या छातीने एक गूढ हस्तलिखित शोधून काढते आणि सकाळी उजेडात पाहते तो धुण्याची यादी निघते. इथली टिंगल मायेची आहे, आणि अशी टिंगल या साहित्यप्रकारात फारशी मिळत नाही.

मराठीतल्या नावांचा उल्लेख मी अद्याप केला नाही याचे आपल्या वाचकांना नवल वाटेल. आपल्याकडचा उत्तम उपरोध कोल्हटकर-गडकऱ्यांपासून लेख, कथा आणि नाटक यांत अधिक रमला. त्या मानाने कादंबरीच्या वाट्याला तो कमी आला. अपवादांत श्याम मनोहर यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. 'हे ईश्वरराव... हे पुरुषोत्तमराव...' वाचताना मध्यमवर्गीय वाचकाला आधी शेजारी दिसतो आणि मग हळूहळू घरचेच दिसू लागतात. ज्यांना प्रसंगनिष्ठ विनोदाची सवय आहे, त्यांनी पहिल्या वाचनात तिच्यावर निकाल देऊ नये.

तेव्हा विनंती एवढीच की, पुढील याद्यांमध्ये प्रत्येक पुस्तकाच्या नावाखाली ते कोणी वाचावे आणि कोणी टाळावे, अशी एखादी ओळ छापावी. सुरुवात हवी तर ईव्हलिन वॉ यांच्या 'स्कूप' (1938) या कादंबरीपासून करावी. वॉ यांनी ॲबिसिनियातील (आजच्या इथिओपियातील) युद्धाचे वार्तांकन स्वतः केले होते. कादंबरीत नावाच्या गोंधळामुळे निसर्गविषयक सदर लिहिणारा एक गरीब बापडा युद्धवार्ताहर म्हणून परदेशी रवाना होतो. आफ्रिकी पात्रांचे तीतील चित्रण आज आक्षेपार्ह वाटते, हे सांगूनच तिची शिफारस करावी. पण वृत्तपत्राच्या कचेरीचे चित्र अस्सल आहे. मालकाचे म्हणणे बरोबर असेल तर परराष्ट्र विभागाचा संपादक 'निःसंशय, लॉर्ड कॉपर' म्हणतो आणि साफ चूक असेल तर 'काही अंशी, लॉर्ड कॉपर'. जपानची राजधानी योकोहामा ना, या प्रश्नालाही उत्तर 'काही अंशी' असेच मिळते. या पुस्तकाखालच्या 'कोणी वाचावे' या ओळीत काय छापायचे, ते आपल्या संपादकीय विभागानेच ठरवावे.

आपला नम्र,
एक नियमित वाचक