स्पोर्ट्स कारला एसी हवाच, पण बटणं जागेवर राहू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या वाहनविषयक पानावर गेल्या आठवड्यात स्पोर्ट्स कारवरचा लेख वाचला. खऱ्या स्पोर्ट्स कारमध्ये एसी, पॉवर खिडक्या, म्युझिक, पार्किंग कॅमेरा असलं काही नसावं. इंजिन, चार चाकं आणि चालक एवढं पुरे, असा लेखाचा सूर होता. धुळ्यात महामार्गालगत गाड्यांच्या एसीचं आणि वायरिंगचं काम करण्यात माझी उमर गेली. स्पोर्ट्स कारचं वेड तर त्याही आधीपासूनचं. म्हणून राहवलं नाही.

लेखकाच्या मताचा मान राखून सांगतो, हे मत थंड मुलखातलं आहे. इंग्लंडमध्ये ढगाळ हवेत छप्पर उघडून गाडी हाकणाऱ्याला एसी ही चैन वाटली तर नवल नाही. आमच्याकडे एप्रिल लागला की दुपारी बारानंतर रस्ते ओस पडतात. भुसावळ-जळगावात पारा ४४-४५ ला जातो आणि काचा लावून उन्हात उभ्या केलेल्या गाडीतली हवा साठीच्या पुढे सहज जाते. त्यात स्पोर्ट्स कारची बांधणीच अशी, की पुढची काच तिरपी आणि मोठी, छप्पर डोक्याला टेकलेलं, आणि इंजिन मधोमध असलं तर ते पाठीमागे हातभर अंतरावर तापत असतं. अशा गाडीत एसी नसणं म्हणजे काय, ते इथल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

गेल्या मे महिन्यात इंदूरकडचे एक गृहस्थ जुनी, परदेशी बनावटीची दोन आसनी गाडी घेऊन आले. गाडी फार जपलेली. बॉनेट उघडलं तर एसीच्या कॉम्प्रेसरच्या जागी नुसता ब्रॅकेट, कंडेन्सर नाही, पाइपांची तोंडं चिकटपट्टीने बंद केलेली. वजन कमी व्हावं, पिकअप वाढावा म्हणून त्यांनीच सगळं उतरवलं होतं. सेंधव्याहून बिजासन घाट उतरून, शिरपूर मागे टाकून भर दुपारी धुळ्यात पोचले. सदरा अंगाला चिकटलेला. स्टिअरिंगला ओला रुमाल गुंडाळलेला, कारण चामड्याचं कव्हर चटके देत होतं आणि घामाने हात सटकत होते ते वेगळंच. पाण्याचा ग्लास धरताना बोटं थरथरत होती. नरडाण्याजवळ पुढच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या वेगाचा अंदाजच आला नाही, म्हणाले, अगदी जवळ गेल्यावर ब्रेक दाबला. हा माणूस कच्चा चालक नव्हता. उन्हाने त्याचं डोकं आणि हात दोन्ही मंद केले होते.

आता काढून टाकलेल्या सामानाचा हिशेब बघा. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, कूलिंग कॉइल, पाइप आणि गॅस मिळून साधारण वीसेक किलो भरतं. टाकीत २७ लिटर पेट्रोल कमी भरलं तरी तेवढंच वजन वाचतं. ताकदीचं म्हणाल तर चालू कॉम्प्रेसर इंजिनाची काही हॉर्सपॉवर खातो, हे खरं. पण बऱ्याच गाड्यांत ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला की इंजिनाचा कॉम्प्युटर तेवढ्यापुरता कॉम्प्रेसरचा क्लच सोडून देतो. ओव्हरटेक झालं की पुन्हा जोडतो. ज्या क्षणी ताकद लागते त्याच क्षणी ती परत मिळते. मग एसी काढून नेमकं काय कमावलं?

एसी काढला की गाडी 'अस्सल' होते, हा समज इतिहासालाही धरून नाही. १९८७ ची फेरारी एफ-४० घ्या. कंपनीचे संस्थापक एन्झो फेरारी यांच्या हयातीत आलेली ही शेवटची गाडी. आत गालिचा नाही, रेडिओ नाही, दार उघडायला हँडलऐवजी एक दोरी. इतकी उघडीवाघडी गाडी, पण तिच्यात एसी होता! कारण शर्यतीच्या गाडीसारखी तापणारी केबिन थंड ठेवल्याशिवाय माणूस आत बसू शकत नाही, हे बनवणाऱ्यांना कळत होतं. १९९० मध्ये होंडाने एनएसएक्स आणली ती तर रोज कामावर नेता येईल अशी सुपरकार म्हणूनच. एसी, मोकळी नजर, हलकं ॲल्युमिनियमचं अंग. तिच्या जडणघडणीच्या काळात खुद्द फॉर्म्युला वनचे विश्वविजेते आयर्टन सेना यांनी ती चालवून बघितली होती. पुढे १९९२ मध्ये होंडाने सामान कमी करून तिची टाइप आर काढली आणि सुमारे १२० किलो वजन उतरवलं. ती शर्यतीच्या ट्रॅकवर जाणाऱ्यांसाठी वेगळी गाडी होती. मूळ गाडी आहे तशीच विकली जात राहिली.

माझ्या दृष्टीने या सगळ्या वादाचं उत्तर गॉर्डन मरे यांनी १९९२ मध्येच देऊन ठेवलं आहे. फॉर्म्युला वनच्या गाड्या बनवून हात बसलेला हा माणूस. त्यांची मॅक्लारेन एफ-१ वजनाने ११३८ किलो, चालकाचं आसन मधोमध, आणि १९९८ मध्ये तिने ताशी ३८६ किलोमीटरचा वेग गाठला. तिच्यात काय ठेवलं आणि काय नाकारलं ते बघण्यासारखं आहे. एसी ठेवला. दहा सीडींचा म्युझिक प्लेअर ठेवला, तोही मुद्दाम हलका करून घेतलेला. दोन्ही बाजूंच्या कप्प्यांत बसतील अशा मापाच्या बॅगा दिल्या. आणि पॉवर स्टिअरिंग? नाही. ब्रेकला पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नाही, जोरात ब्रेक दाबला तरी चाकं अडकू न देणारं एबीएस नाही, वेग घेताना चाकं घसरू न देणारा ट्रॅक्शन कंट्रोल नाही. बसलेल्या माणसाला आराम हवा तेवढा दिला, पण हातापायांना रस्त्याचा जो निरोप येतो त्याच्या मध्ये काही येऊ दिलं नाही. याच गाडीच्या शर्यतीच्या आवृत्तीने १९९५ मध्ये ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली. मग २०२० मध्ये मरे यांनी टी-५० ही नवी गाडी दाखवली. वजन हजार किलोच्या आत. एसी आहे, टचस्क्रीन नाही. स्टिअरिंगला मदत आहे ती फक्त गाडी हळू वळवताना, वेग घेतला की मदत बंद. सोयी घ्यायच्या तर अशा विचाराने घ्याव्यात.

मरे यांनी तेव्हा एबीएस नाकारलं, तिथे मात्र मी त्यांच्या मागे जाणार नाही. कारण पुढे सांगतो.

खुद्द शर्यतीतसुद्धा गारव्याकडे बघायची नजर बदलली आहे. २०२३ ची कतारची फॉर्म्युला वन शर्यत आठवा. ओकाँ यांना हेल्मेटमध्येच उलटी झाली, सार्जंट यांनी शर्यत अर्ध्यात सोडली, स्ट्रोल यांना मूर्च्छा येता येता राहिली. जगातले सगळ्यात तयारीचे चालक हे. त्यानंतर नियम आला की तापमान आणि दमटपणा मिळून काढलेला उष्णता निर्देशांक ३१ अंशांच्या वर जाण्याचा अंदाज असेल तर उष्णतेचा धोका जाहीर करायचा आणि गाडीत चालकाला थंड ठेवणारी यंत्रणा बसवायची. २०२५ मध्ये सिंगापूरला असा धोका पहिल्यांदा जाहीर झाला. तिकडे ३१ अंशांवर धोका, आणि आपल्याकडे ४४ अंशांत रस्त्यावरच्या गाडीतून एसी काढायचा सल्ला? आपल्या देशातही २०२५ पासून नव्या मध्यम आणि अवजड ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला आहे. आग्रा रोडवर इतकी वर्षं तापत्या केबिनमध्ये ट्रक हाकणारे ड्रायव्हर मी रोज बघत आलो, त्यांच्यासाठी हा नियम फार आधी यायला हवा होता.

एका बाबतीत मात्र लेखकाची चीड मला पूर्ण पटते. ती म्हणजे टचस्क्रीन. एसीचा पंखा कमी करायला आधी पडद्यावर एक चौकोन शोधायचा, तो दाबला की दुसरं पान उघडतं, तिथे बोट सरकवायचं. कन्नड घाटाच्या वळणावर हे कोण करणार? ताशी १०० च्या वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर जाते. दोन सेकंद नजर खाली गेली की पंचावन्न मीटर रस्ता न बघता कापला. गोल खटका असला तर हात आपोआप त्याच्यावर जातो, तो किती फिरला ते बोटांना कळतं, नजर रस्त्यावरच राहते. त्यात आपल्या उन्हात पडद्यावर इतकी चकाकी येते की त्यावरचं काही दिसत नाही, आणि फार तापला तर बरेच पडदे स्वतःच मंद होतात. सोय हवी त्याच वेळी ती डोळे मिटते.

कंपन्यांनाही हे उमगायला लागलं आहे. फेरारीने मधल्या काळात स्टिअरिंगवरची बटणं काढून तिथे स्पर्शाने चालणारे पट्टे दिले होते. २०२५ च्या अमाल्फी या गाडीत खरी, दाबता येणारी बटणं परत आणली. युरोपात गाड्यांना सुरक्षेचे तारे देणारी युरो एनकॅप २०२६ पासून इंडिकेटर, हॉर्न, वायपर, धोक्याचे दिवे यांना स्वतंत्र बटण किंवा दांडी आहे का, ते बघून गुण देते.

सोयी आल्या की वजन वाढतंच, हे तरी कुठे पूर्ण खरं आहे? माझदाची एमएक्स-५ १९८९ मध्ये आली तेव्हा साडेनऊशे किलोच्या आसपास होती. आत्ताच्या पिढीच्या गाडीत एअरबॅग, एबीएस, एसी, पडदा, सगळं असून ती हजार-साडेदहाशेच्या घरातच आहे. एसीला तीन गोल खटके. गाडी चालू असताना पडदाही मुख्यतः गिअरजवळच्या खटक्याने चालतो. ही गाडी आपल्याकडे विक्रीला आलीच नाही, याची मला कायम हळहळ वाटते. आपल्याकडे २०२५ मध्ये आलेली एमजीची सायबर्स्टर विजेवर चालणारी, जवळपास दोन टनांची, चालकापुढे पडद्यांची रांग आणि बटणाने वर उचलली जाणारी दारं असलेली. पळते जोरात, यात शंका नाही. पण मला विचाराल तर हलकी गाडी आणि तीन खटके हवेत.

गिअरच्या बाबतीतही गिऱ्हाइकाला निवड द्यावी. पोर्शेने २०१३ मध्ये ९११ जीटी-३ फक्त ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये काढली. चाहते नाराज झाले. २०१६ मध्ये हाताच्या गिअरची ९११ आर आली, अवघ्या ९९१ गाड्या, आणि २०१७ च्या जीटी-३ ला हाताचा गिअर पुन्हा मिळाला. ज्याला क्लच दाबायचा आहे त्याला दाबू द्या, ज्याला नको त्याला सोडा.

आता एबीएसचं. लेखामुळे मला खरी काळजी वाटते ती आमच्याकडच्या तरुण पोरांची. त्यांना पोर्शे परवडत नाही, पण जुनी स्विफ्ट किंवा पोलो घेऊन तिची स्पोर्ट्स कार करायची हौस दांडगी. मागची सीट काढा, स्टेपनी काढा, एसी काढा. गॅरेजवर येऊन सांगतात, "काका, एबीएस काढी टाका ना, ब्रेकचा फील येत नाही." मी एबीएसच्या फ्यूजला हात लावू देत नाही. आमच्या रस्त्यावर रात्री बिनलाइटच्या ट्रॉल्या, मधेच उतरणारी म्हशींची रांग, मृगाच्या पहिल्या सरीत कोंडाईबारी घाटात तेलकट झालेला डांबरी रस्ता. ब्रेक दाबल्यावर चाकं अडकली तर स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळ जाते. एबीएस चाकं फिरती ठेवतं, म्हणून गाडी वळवता येते. २०१९ पासून नव्या गाड्यांना ते सक्तीचं आहे, आणि वेगाने जाणाऱ्या गाडीला त्याची गरज इतरांपेक्षा जास्तच. ट्रॅक्शन कंट्रोलला बंद करण्याचं बटण असावं, ट्रॅकवर त्याचा उपयोग आहे. पण रस्त्यावर ब्रेक, एअरबॅग आणि एसी या तीन गोष्टींना कोणीही चैन म्हणू नये. विशेषतः वर्तमानपत्राने.

आपल्याला एक विनंती आहे. यापुढे आपल्या पानावर कुठल्याही वेगवान गाडीचं परीक्षण येईल तेव्हा हॉर्सपॉवर आणि किमतीबरोबर चार गोष्टी अवश्य छापाव्यात: गाडीचं वजन किती, एसीला खटके आहेत की सगळं पडद्यावर, ट्रॅक्शन कंट्रोलसारख्या कोणत्या मदती एका बटणात बंद होतात, आणि उन्हाळ्याच्या दुपारी केबिन थंड व्हायला किती मिनिटं लागली. शेवटचं मोजायला गाडी पुण्या-मुंबईत फिरवून चालणार नाही. मे महिन्यात ती धुळ्याला किंवा जळगावला पाठवा. थर्मामीटर आणि जागा माझ्या गॅरेजची.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक गॅरेजवाला, धुळे