आवाज याकोबाचा

प्रिय आई आणि बाबा,

सप्रेम सलाम.

दर रविवारी फोनवर बोलतोच, मग हे पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. फोनवर हे माझ्याने बोलवलं नसतं, कारण फोनवरच तर मी खोटं बोललो. बाबा, हल्ली तुम्हाला मोबाईलवर उमटलेलं नाव वाचता येत नाही, म्हणून फोन उचलल्या उचलल्या तुम्ही "कोण?" असं विचारता. मी म्हणतो, "मी, धाकटा." मग तुम्ही विचारता, "काम कसं चाललंय?" आणि मी सांगतो, "उत्तम." दोन वर्षांपूर्वी सलग पाच महिने मी हेच उत्तर दिलं. त्या पाच महिन्यांत मला काम नव्हतं.

नोकरी कशी गेली याची हकीकत मोठी नाही. माझ्यावर कुणी अन्याय केला नाही. ते काम मला कधी झेपलंच नव्हतं. दादा त्याच कामात मासा पाण्यात असावा तसा असतो, आणि मी पंधरा वर्षं धापा टाकत त्याच्या मागे पोहत होतो. ती वाट धरली तेव्हा मी कामाचा विचारच केला नव्हता. दादाचा निकाल ऐकताना बाबांचा चेहरा उजळला होता, तो माझ्या डोळ्यांसमोर होता. तसा एकदा माझ्यामुळे उजळावा, एवढंच मला हवं होतं.

आणखी एक गोष्ट आधी सांगून टाकतो, कारण तिच्यामुळे दुसऱ्याच माणसावर ठपका आला आहे. आई, त्या दिवसांत तू म्हणायचीस, सूनबाई फोनवर येत नाही, तुटक वागते. नोकरी गेली त्या रात्री मी तिला म्हणालो होतो, घरी काही सांगू नकोस, विचारलं तर सगळं ठीक आहे म्हण. ती म्हणाली, "तुमचं तुम्ही बघा, पण मी आईंशी खोटं बोलणार नाही." म्हणून ती फोन घेत नव्हती. तू तिला बोल लावलास आणि मी ते ऐकून घेतलं. त्या पाच महिन्यांतलं हे मला सर्वांत जास्त टोचतं. तिची क्षमा मी मागितली आहे. तुझीही मागतो.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

इसहाक आणि याकोबाची गोष्ट मी तुमच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकली. बायबलमधल्या उत्पत्तीचा सत्ताविसावा अध्याय. इसहाक म्हातारा झाला आहे, डोळ्यांना दिसत नाही. थोरल्या एसावाचा आशीर्वाद आपल्याला मिळावा म्हणून धाकटा याकोब त्याचे कपडे घालून आत येतो. एसाव केसाळ, म्हणून आई रिबकेने याकोबाच्या हातांवर आणि मानेवर करडांची कातडी बांधलेली. बाप विचारतो, बाळा, तू कोण? आणि तो म्हणतो, मी एसाव, तुमचा थोरला. बाप चाचपून बघतो आणि म्हणतो, आवाज तर याकोबाचा आहे, पण हात एसावाचे आहेत. लहानपणी मला या गोष्टीत याकोबाच्या हुशारीची गंमत वाटायची. त्या पाच महिन्यांत ती पुन्हा वाचली तेव्हा तिथेच थांबलो. एका रविवारी आई म्हणाली होती, "तुझा आवाज आज वेगळा लागतोय रे." मी म्हणालो, "सर्दी झालीय." आवाज माझाच होता, आई. तू बरोबर ओळखलं होतंस.

पण आई, तू रिबका नव्हतीस, हे मला स्पष्ट लिहायचं आहे. दादासारखा हो, असं तुमच्यापैकी कुणी मला कधी म्हटलं नाही. ती कातडी मी स्वतः शिवली आणि स्वतःच चढवली. तुमची माया मिळवायला काहीतरी व्हावं लागतं, हा माझा समज होता, आणि देवाविषयीही माझा तोच समज होता. हे दोन समज एकाच मुळाचे होते, हे कळायला मला चाळिशी ओलांडावी लागली.

माझ्या प्रार्थनांचंही तेच. उपासनेत पाळकांनी मला प्रार्थना करायला सांगितलं की बाबांची मान ताठ व्हायची, ती मला डोळे मिटलेले असतानाही जाणवायची. शब्द मला सुचत. कुठे थांबावं, कुठे आवाज भरून यावा, हे जमून गेलं होतं. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात प्रभू म्हणतो की ढोंग्यांसारखी प्रार्थना करू नका, त्यांना लोकांनी पाहावं म्हणून चौकात उभं राहायला आवडतं. तिथे मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे, हुपोक्रितेस, तो नाटकातल्या नटासाठी वापरत असत. मी वाईट माणूस होतो असं मला वाटत नाही. मी नट होतो. आणि नटाला त्याचं प्रतिफळ मिळून चुकलेलं असतं, असं प्रभू तिथेच सांगतो. ते खरं होतं. बाबांची ताठ झालेली मान हे माझं प्रतिफळ होतं, आणि ते मिळाल्यावर पुढे काही उरत नव्हतं.

चौथ्या महिन्यात एका रात्री झोप येईना म्हणून मी बाहेरच्या खोलीत जाऊन गुडघे टेकले. नेहमीसारखी वाक्यं सुरू झाली, घडीव, एकाला एक जोडलेली. ऐकायला कुणी नव्हतं, तरी मी उपासनेतल्याच आवाजात बोलत होतो. मध्येच माझं मलाच ते ऐकू आलं आणि मी गप्प झालो. बराच वेळ काही बोलता येईना. मग एवढंच म्हणालो, "प्रभू, मी खोटं बोलतोय." ती माझ्या आयुष्यातली पहिली प्रार्थना असावी. आकाशवाणी झाली नाही, अंगावर काटाही आला नाही. फक्त एक जाणवलं, की मी हे म्हटलं आणि तरी मला कुणी बाहेर काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी उत्पत्तीचा बत्तिसावा अध्याय वाचला. मामा लाबानाकडे वीस वर्षं काढून याकोब परत निघाला आहे, एसाव समोरून येतो आहे, आणि यब्बोक नदीच्या काठी रात्रभर तो कुणाशी तरी झोंबी करतो. मला आशीर्वाद दिल्याशिवाय सोडणार नाही, म्हणतो. त्यावर त्याला विचारलं जातं, तुझं नाव काय? देवाला का ठाऊक नव्हतं? पण आशीर्वाद मागताना याआधी त्याला एकदाच "तू कोण" असं विचारलं गेलं होतं, आणि तेव्हा त्याने भावाचं नाव सांगितलं होतं. या वेळी तो म्हणतो, याकोब. टाच धरणारा, फसवणारा, असा त्या नावाचा अर्थ. खरं नाव सांगणं म्हणजे त्याची कबुलीच होती. नवं नाव, इस्राएल, त्याला त्यानंतर मिळतं. आणि तो लंगडत निघतो. मला त्याचं लंगडणं फार जवळचं वाटतं.

"स्वतःला शोधा", "मनाचं ऐका" असं हल्ली सगळीकडे सांगतात. माझा अनुभव तसा नाही. एकेक पांघरूण काढत गेलो तेव्हा आत कुठलाही झाकलेला हिरा सापडला नाही. आत एक घाबरलेला मुलगा होता, जरासा मत्सरीही. दादाचा मला राग यायचा, तेही तिथेच सापडलं. तेवढ्यावर थांबलो असतो तर मी खचलो असतो. पण कलस्सैकरांस पत्रात पौल म्हणतो की तुमचं जीवन ख्रिस्ताबरोबर देवामध्ये गुप्त ठेवलेलं आहे. म्हणजे माझं खरेपण माझ्या आत पुरलेलं नाही, त्याच्याजवळ ठेवलेलं आहे. मला ते उकरून काढायचं नाही. त्याच्याकडे जायचं आणि तो देईल तसं घ्यायचं. यार्देनेच्या पाण्यातून प्रभू वर आला तेव्हा "तू माझा प्रिय पुत्र" असं ऐकू आलं. मार्काच्या शुभवर्तमानात त्याआधी एकही चमत्कार नाही, एकही प्रवचन नाही. हे मी शेकडो वेळा वाचलं असेन, पण क्रम कधी लक्षातच आला नव्हता.

बाबा, पंडिता रमाबाईंचा तुम्हाला किती आदर आहे ते मला माहीत आहे. त्यांचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये झाला. पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे की आठ वर्षांनी त्यांना कळलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. ज्या बाईने धर्मासाठी एवढं सोसलं, तिने हे लिहावं! त्यांना आठ वर्षं लागली, मी तर तुमच्या मांडीवरून मंडळीत आलो. मला चाळीस लागली. माझ्या बालपणीच्या विश्वासाला नावं ठेवण्यासाठी हे लिहीत नाही. तुम्ही ती वचनं पाठ करून घेतली नसती, तर त्या रात्री मला जायला वाटच नसती.

आणखी एकाचा मला आधार झाला. डीट्रिख बोनहोफर हा जर्मन पाळक हिटलरच्या तुरुंगात होता. तिथे 1944 साली त्याने एक कविता लिहिली. लोक म्हणत, हा कोठडीतून कसा शांत, एखाद्या जहागीरदारासारखा बाहेर येतो. आणि आत तो स्वतःला पिंजऱ्यातल्या पाखरासारखा तडफडताना पाहत होता. यातला खरा मी कोण, असं तो विचारतो. उत्तर त्याला सापडत नाही. मी कुणीही असलो तरी देवा, तू मला ओळखतोस, मी तुझा आहे, एवढ्यावर तो थांबतो. पुढच्या वर्षी, 9 एप्रिल 1945 रोजी, त्याला फाशी दिलं गेलं. वय 39. मी हे अनेकदा वाचतो. आपण खरे कोण, हे स्वतःला पक्कं कळल्याशिवाय खरं जगता येत नाही, अशी माझी समजूत होती. तिच्यातून त्याने मला सोडवलं.

तर आता मी एका छोट्या संस्थेत हिशेब पाहतो. पगार आधीच्या निम्म्याहून कमी आहे. घर चालतं, काळजी करू नका. सकाळी उठताना छातीवर दगड नसतो. उपासनेत पाळकांनी प्रार्थना करायला सांगितलं तर मी अडखळतो, कधी दोनच वाक्यं बोलतो. मागच्या वेळी तुम्ही आला होतात तेव्हा बाबांनी विचारलं, तब्येत बरी आहे ना? बरी आहे, बाबा. आता मला तेवढंच येतं. दादाला मी सगळं सांगितलं आहे, त्याचा राग यायचा हेही. तो खूप वेळ बोलला नाही, मग म्हणाला, "मला वाटायचं तू बाबांचा लाडका." आम्ही दोघंही रडलो.

याकोबाच्या गोष्टीतलं एक वचन मी उशिराने पाहिलं. अठ्ठाविसाव्या अध्यायाच्या सुरुवातीला, फसवणूक उघडी पडल्यावर, इसहाक याकोबाला बोलावतो आणि पुन्हा आशीर्वाद देतो. या वेळी हा कोण आहे ते त्याला ठाऊक असतं. कातडी नाही, भावाचे कपडे नाहीत. आणि अब्राहामाचा आशीर्वाद त्याला मिळतो तो याच वेळी. पहिल्या आशीर्वादाची गोष्ट सगळे सांगतात. मला तुमच्याकडून हा दुसरा हवा आहे.

तुम्हाला वाईट वाटेल, कदाचित रागही येईल. तो गिळू नका, मला बोला. मी पुन्हा "उत्तम" म्हणून निसटणार नाही.

हे पत्र शनिवारपर्यंत पोचेल. आई, तू वाचून दाखव, बाबांच्या डोळ्यांना ताण नको. रविवारी नेहमीच्या वेळी फोन करतो. ही पण बोलणार आहे. बाबा, फोन तुम्हीच उचला, आणि "कोण?" असं विचारा.

तुमचा,
धाकटा