मोडीच्या बाईंना, भाऊसाहेबांच्या तोतयाबद्दल

आदरणीय बाई,

सा. न. वि. वि.

तोतयावरच्या कादंबरीचा खर्डा पुरा झाला. त्यात धरून ठेवण्यासारखं जे आहे, त्यातलं बरंचसं तुमच्या, म्हणजे मोडी लिपीतले जुने कागद जाणणाऱ्या बाईंच्या, समासातल्या पेन्सिलीच्या टिपांमधून आलं आहे. आभार खाजगीत मानता आले असते. पण त्या टिपा ऐतिहासिक कादंबरीच्या वाटेला जाणाऱ्या कुणालाही कामाच्या आहेत, म्हणून हे पत्र उघडं.

ज्यांना प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १४ जानेवारी १७६१ रोजी मराठी फौजेचे सेनापती सदाशिवरावभाऊ पानिपतावर पडले. पत्नी पार्वतीबाई रणातून सुखरूप परतल्या, पण नवरा गेला हे त्यांनी मानलं नाही. १७८३ मध्ये वारल्या तोवर त्या सौभाग्यवती म्हणूनच राहिल्या. पुढे ‘मीच भाऊ’ म्हणणारा एक कनोजी ब्राह्मण उभा राहिला. पेशव्यांनी त्याला कैदेत टाकलं. १७७६ च्या सुरुवातीला रत्नागिरीचा सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे याने त्याला सोडवलं आणि बघता बघता कोकणातले लोक व किल्ले त्याच्या बाजूला गेले. महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांनी बंड मोडलं, राघोजी आंग्र्यांच्या हाती तो सापडला, पुण्यात चौकशी झाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याला देहदंड मिळाला.

असा माणूस हाती लागला की लेखकाला पहिला मोह होतो तो त्याला कोठडीत बसवून ‘मी नक्की कोण?’ असं चार पानं बोलायला लावण्याचा. अशा पानांवर तुमची एकच टीप असायची: ‘हे त्याला कोण विचारतंय? कारकून की पहारेकरी?’ सगळ्या खर्ड्याची दिशा त्या प्रश्नाने बदलली. अठराव्या शतकात माणसाची ओळख बाहेरून ठरायची: मायन्यात, पंगतीत, जामिनाच्या कागदात, वस्त्रांच्या यादीत. मनातली घालमेल दाखवायची तर तिथूनच दाखवावी लागते. आजचा वाचकही स्वतःचे प्रश्न घेऊनच अशा कादंबरीकडे येतो. त्याला तयार स्वगत दिलं तर त्याच्यासाठी काहीच उरत नाही.

मायन्याचं उदाहरण सगळ्यात बोलकं. पार्वतीबाईंना कुणी पत्र लिहीत असेल, तर पहिल्या ओळीतच लिहिणाऱ्याला पक्ष घ्यावा लागतो. ‘गंगाभागीरथी’ लिहिलं तर भाऊ गेले, ‘सौभाग्यवती’ लिहिलं तर ते आहेत, आणि नुसतं ‘मातुश्री’ लिहिलं तर लिहिणारा हुशार आहे. बोरू शाईत बुडवून थांबलेल्या कारकुनाचा एक प्रसंग या एका सूचनेतून उभा राहिला, आणि पार्वतीबाईंचं दुःख सांगणारे तीन परिच्छेद कापता आले. हिशेबांचंही तसंच. रोजकीर्दीत रोजचा जमाखर्च नावानिशी पडतो. एखाद्या बाईच्या नावावर चोळखण आणि बांगड्या खर्ची पडतात की नाही, यावर घरात तिची जागा काय हे कळतं. तुम्ही बजावलंत की अशी नोंद कादंबरीत कल्पून घालायला हरकत नाही, मात्र ती खऱ्या नोंदीच्या घाटाची हवी: आधी बाब, मग जिन्नस, मग आकडा. विशेषणं अजिबात नकोत.

तोतयाला ओळखायचं कसं, या पेचात तुमची सर्वात मोठी मदत झाली. बहुतेक लेखक अक्षर जुळवून पाहण्याचा प्रसंग रंगवतात. तुमचा आक्षेप असा की पत्राचा मजकूर बहुधा कारकुनाच्या हातचा. धन्याच्या हातचे असलेच तर शेवटचे ‘बहुत काय लिहिणे’ एवढे शब्द, आणि मग मोर्तब, म्हणजे पत्र संपल्याचा शिक्का. इतक्या तुटपुंज्या अक्षरांवर पंचांनी निवाडा करावा असं लिहायचं, तर त्या तुटपुंजेपणाची भीतीही लिहायला हवी. चित्र म्हणावं तर ते किती जणांनी पाहिलेलं असणार? उरतात ते देहावरचे व्रण, आवाज, बोलण्याची ढब आणि घरातल्या आतल्या गोष्टी. भाऊंचा जन्म १७३० चा. पानिपतावर गेले तेव्हा तिशीचे, बंडाच्या वर्षी असते तर शेहेचाळीस वर्षांचे. मधल्या पंधरा वर्षांत कुणाचाही चेहरा बदलतो. म्हणून ‘हेच ते’ म्हणणारे सगळे लबाड नव्हते आणि सगळे भाबडेही नव्हते, हे पात्रांच्या वागण्यात आणता आलं. काहींना तो भाऊ असण्याची गरज होती, बस्स.

आता तारखा. इथे भले भले घसरतात, म्हणून तुमची रीत जशीच्या तशी देतो. पेशवाईच्या कागदावर बहुधा शुहूर सन ही जुनी दफ्तरी कालगणना असते, तीही अरबी शब्दांत. हा सन मृगावर, म्हणजे जूनच्या सुमारास बदलतो. जून ते डिसेंबरच्या कागदाला ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून मृगापर्यंतच्या कागदाला ६००. तोतया सुटला तेव्हा ‘सीत सबैन मया व अलफ’, म्हणजे ११७६ चालू होता. त्यात ६०० मिळवले की १७७६. त्याला मारलं तेव्हा ‘सबा सबैन’, म्हणजे ११७७ लागलेला होता. त्यात ५९९ मिळवले की पुन्हा १७७६. सरसकट ६०० मिळवले तर माणूस मेल्यानंतर वर्षभर जिवंत राहतो. शकाचा हिशेब निराळा: पाडव्यापासून डिसेंबरअखेर ७८, तिथून पुढच्या पाडव्यापर्यंत ७९. पानिपत पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२. महिना जानेवारी, म्हणून ७९ मिळवून १७६१. दोन्ही पद्धतींनी काढलेलं वर्ष जुळलं नाही, तर कागद पुन्हा वाचायचा. चूक गणितात असण्यापेक्षा वाचनात असण्याचा संभव जास्त. मोडीत शब्द सुटे नसतात, आधी आडवी रेघ ओढून तिच्याखाली बोरू चालवत नेलेला असतो, ऱ्हस्वदीर्घ पाळलेलं नसतं. त्यामुळे शब्द चुकीच्या जागी तोडला की एका माणसाची दोन माणसं होतात. तुमचा क्रम आम्हाला पटला: आधी मायना आणि शेवट वाचायचा, मग ओळखीची नावं आणि आकडे शोधायचे, आणि मधला मजकूर सगळ्यात शेवटी. अडलेलं अक्षर त्याच हाताच्या दुसऱ्या शब्दात शोधायचं, तक्त्यात नव्हे.

जबानीच्या कागदांबद्दल तुम्ही जे म्हणालात ते प्रत्येक लेखकाने टेबलासमोर डकवून ठेवावं. कैद्याची जबानी म्हणजे कैद्याचा आवाज नव्हे. प्रश्न सरकारचा, उत्तर त्याचं, पण शब्द निवडणारा कारकून. त्यामुळे तोतयाची कबुली जशीच्या तशी उचलून त्याच्या तोंडी घालणं म्हणजे त्याच्या विरोधकाला बोलतं करणं. खर्ड्यात आता कबुली दोनदा येते, एकदा कागदावर आणि एकदा त्याच्या तोंडून, आणि दोन्हींत फरक आहे.

किरकोळ वाटणाऱ्या दुरुस्त्याही पुष्कळ. एकादशीच्या ताटातून साबुदाणा आणि शेंगदाणे काढून वरी आणि शिंगाडा आला. बटाटा, टोमॅटो, चहा गेले. मिरची राहिली, कारण ती तोवर रुळली होती. ‘पाच मिनिटं’ जाऊन घटका आणि पळं आली, २४ मिनिटांची एक घटका हे ध्यानात ठेवून. पहाऱ्याची पाळी प्रहराप्रमाणे बदलायला लागली, तसा कोठडीतला वेळही खरा वाटू लागला.

एका बाबतीत मात्र आमचं अजून पटलेलं नाही. संवादांत दफ्तरी भाषा जास्त हवी, असं तुम्ही म्हणता. आमच्या मते ती कचेरीत शोभते, माजघरात नाही. आजी गोपिकाबाईंनी नातू सवाई माधवराव पेशव्यांना दिनचर्येबद्दल लिहून दिलेला उपदेशच घ्या: केव्हा उठावं, काय शिकावं, कसं वागावं, सगळं घरातल्या वडीलधाऱ्या बाईच्या सरळ भाषेत. पार्वतीबाई त्या सुरात बोलतात, तोतया मात्र चौकशीपुढे दफ्तरी बोलायचा प्रयत्न करतो आणि मधूनच अडखळतो. हे तुम्हाला मान्य नसेल तर पेन्सिल हातात घ्याच. नववं आणि अकरावं प्रकरण सोबत पाठवलं आहे, समास दोन्हीकडे रुंद ठेवलेत.

तुमच्या श्रमांचं मोल पैशांत सांगता येत नाही, आणि तुम्ही ते सांगूही देत नाही. निदान श्रेयनामावलीत नाव घालायची परवानगी तेवढी द्या.

कळावे, लोभ असावा.

आपले,
कादंबरीच्या खर्ड्यावर काम करणारे सर्वजण