फोलपटं फुंकून बघ

प्रिय मध्या,

आजारी पडलेला तुझा पिंगू, तो तुरेवाला छोटा कॉकटील पोपट, पुन्हा दांडीवर चढून शिट्ट्या मारायला लागला हे वाचलं आणि जीव भांड्यात पडला. त्या रात्री फोनवर मी तुझ्यावर खेकसलो, "आधी ते पाणी पाजणं थांबव!" म्हणून. त्याचा राग धरला असशील तर सोडून दे. तेव्हा कारणं सांगत बसायला वेळ नव्हता. आज आहे, म्हणून हे लांबलचक पत्र. कंटाळा आला तरी पूर्ण वाच.

आधी माझंच पाप सांगतो. ठिपकी आठवते ना, माझी पहिली बजी, ती चिमुकली पोपटीण? ती 'एकाएकी गेली' असं मी तेव्हा तुला सांगितलं होतं. लेका, एकाएकी वगैरे काही नव्हतं. चार-पाच दिवस ती माझ्यासमोर बसून वाटीत चोच घालत होती, चोच हलत होती, फोलपटं उडत होती. बाई जेवतायत म्हणून मी निश्चिंत. सहाव्या दिवशी ती पिंजऱ्याच्या तळाशी कोपऱ्यात बसलेली दिसली. तेव्हा कुठे वाटी बाहेर काढून फुंकर मारली. वरची फोलपटं उडाली आणि खाली सोललेले दाणे जसेच्या तसे! ती दाणा उचलत होती, सोलत होती आणि गिळता येत नाही म्हणून टाकून देत होती. त्याच रात्री गेली. तुला खरं सांगायची लाज वाटली.

फोनवर तुझं ते "वाटी तर भरलेली दिसतेय" ऐकून म्हणूनच माझ्या पोटात गोळा आला. वाटी भरलेली दिसणं हा पुरावाच नाही. उलटंही होतं बरं का. पक्षी चांगला खात असतो, पण वाटीत नुसती फोलपटं उरलेली असतात आणि आपण दाणे आहेत समजून नवे घालत नाही. रोज सकाळी एक फुंकर, बस.

ही मंडळी आजार लपवतात. थव्यात जो मलूल दिसतो त्याच्यावर शिकारी आधी झडप घालतो, त्यामुळे जमेल तितके दिवस ठणठणीत असल्याचं नाटक चालतं. तू पिंजऱ्याजवळ गेलास की पिंगू ताठ होतो, पिसं चापून बसवतो, तुरा उभा करतो. तू वळलास की पुन्हा फुगतो. म्हणून त्याला कळू न देता बघायचं, दाराआडून, पाच मिनिटं.

काय बघायचं? फुगणं तर सगळेच फुगतात. झोपताना, अंग झटकण्याआधी. पण दिवसाढवळ्या तासन् तास फुगून, दोन्ही पाय दांडीवर रोवून डोळे मिटणं वेगळं. तब्येतीत असलेला पक्षी बहुधा एक पाय पोटाशी घेऊन झोपतो. मग शेपटीकडे बघ. शांत बसलेला असताना प्रत्येक श्वासाला शेपूट पंपाच्या दांड्यासारखी वरखाली होत असेल किंवा चोच उघडी टाकून श्वास चालला असेल, तर उद्यावर ढकलायचं नाही, तडक डॉक्टर. नाकपुड्यांवरची पिसं चिकटलेली, आवाज बसलेला, शेपटीखालचा भाग घाण झालेला, हे तर तुला दिसेलच.

विष्ठेचं ऐकून तुझी बायको नाक मुरडेल, पण सगळ्यात जास्त तिथेच कळतं. पिंजऱ्याच्या तळाला रोज साधा पांढरा कागद घाल. नीट पाहिलंस तर एका ठिपक्यात तीन गोष्टी दिसतील: हिरवट किंवा तपकिरी वळी, तिच्यावर खडूसारखा पांढरा भाग आणि भोवती थोडं पाणी. पांढरा भाग पिवळा किंवा हिरवा व्हायला लागला तर यकृताकडे बोट जातं. वळी डांबरासारखी काळी असेल तर पोटात वरच्या बाजूला रक्तस्राव असू शकतो. ठिपके कमी, बारीक आणि गडद हिरवे झाले तर पोटात अन्नच जात नाहीये. एखादी पाणेरी विष्ठा दिसली म्हणून घाबरू नकोस. घाबरल्यावर, अंघोळीनंतर, रसाळ फळ खाल्ल्यावर तसं होतंच. आणि डॉक्टरकडे जाताना पिंजरा घासूनपुसून लख्ख करू नकोस. तो कागद तसाच घेऊन जा.

आता वजन. एक ग्रॅमचाही फरक दाखवणारा डिजिटल काटा घे आणि रोज सकाळी खाण्याआधी पिंगूला त्यावर उभा कर. सवय लागली की स्वतःच उडी मारून चढेल. कॉकटीलचं वजन साधारण ८० ते १०० ग्रॅम असतं, बजीचं ३० ते ४०. पण पुस्तकातल्या आकड्यापेक्षा त्याचा स्वतःचा नेहमीचा आकडा महत्त्वाचा. ९०चा पिंगू ८१वर आला तर दहा टक्के गेले. नऊ ग्रॅम ऐकायला किरकोळ वाटतं, पण माझ्यासारख्या ९० किलोच्या माणसाचे थोड्या दिवसांत नऊ किलो उतरले तर तू मला उचलून दवाखान्यात नेशील. पिसांमुळे डोळ्यांना काही कळत नाही. छातीच्या मधल्या हाडावरून हलकेच बोट फिरव. सुरीच्या धारेसारखं लागलं तर दोन्ही बाजूंचं मांस झडलंय.

आता त्या खेकसण्याविषयी. पक्ष्याच्या श्वासनळीचं तोंड जिभेच्या बुडाशीच असतं. गलितगात्र पक्ष्याच्या चोचीत ड्रॉपरने पाणी सोडलं की ते सरळ फुप्फुसात जाऊ शकतं. तू मायेनेच करत होतास, ठाऊक आहे मला. पण पाणी जवळ ठेवायचं, पाजायचं नाही.

करायचं काय, तर ऊब द्यायची. यांच्या अंगाचं तापमान ४० ते ४२ अंश असतं आणि आजारपणात ते टिकवण्यातच सगळी ताकद खर्ची पडते. एक छोटा पिंजरा किंवा भोकं पाडलेलं खोकं घे, तीन बाजूंनी टॉवेल टाक, दांडी अगदी खाली लाव किंवा काढूनच टाक, दाणा-पाणी चोचीसमोर ठेव. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एकाच बाजूला ठेव, म्हणजे नकोसं झालं तर त्याला दुसऱ्या बाजूला सरकता येईल. आत थर्मामीटर ठेवून २९ ते ३२ अंश राख. पंख अंगापासून दूर धरून धापा टाकायला लागला तर फार झालं, लगेच कमी कर. मग अंधूक उजेड आणि शांतता. दर दहा मिनिटांनी टॉवेल उचलून बघणारा माणूस हा सुद्धा एक आजारच आहे, आणि तू तो आहेस. काचेवर आपटून डोक्याला मार लागला असेल तर मात्र ही ऊब द्यायची नाही. नुसतं अंधारं, शांत खोकं.

कॉकटील रात्री दचकून पिंजऱ्यात फडफडतात, हे तुला माहीत असावं. कोपऱ्यात मंद दिवा ठेव. त्या धडपडीत नवं उगवणारं पीस मोडतं. त्याची नळी रक्ताने भरलेली असते, ती टपटप गळत राहते. तिथे स्वच्छ कापसाने दाबून धर, न उघडता दोन-तीन मिनिटं. नखातून रक्त येत असेल तर कॉर्नफ्लोअर दाबून लाव. बजीच्या अंगात एकूण रक्त जेमतेम ३ मिली असतं, चहाचा चमचाही भरणार नाही. म्हणून 'चार थेंब तर गेले' म्हणायची सोय नाही. थांबलं नाही तर डॉक्टरकडे निघायचंच. धरताना छाती आवळू नकोस. त्यांना आपल्यासारखं श्वासपटल, म्हणजे छाती-पोटामधला श्वासाचा पडदा, नसतं. छाती पुढे-मागे हलली तरच श्वास. मुठीत घट्ट धरलेला पक्षी गुदमरतो.

मांजराचा दात किंवा नखं नुसती लागल्याचा संशय असला तरी काही तासांत औषध सुरू व्हायला हवं, जखम दिसो न दिसो. नॉनस्टिक तवा रिकामा तापला तर त्याच्या वाफेने पक्षी मिनिटांत मरतात, म्हणून पिंजरा स्वयंपाकघरात नको. अ‍ॅव्होकॅडो, चॉकलेट आणि कॉफी त्याच्या आसपासही नको. जखमेवर तेल किंवा मलम चोपडू नकोस, पिसं चिकटतात आणि ऊब जाते. आणि पाण्यात अँटिबायोटिकची पूड टाकण्याचा सल्ला देणारे बरेच भेटतात (मलाही एक भेटला होता, मी ऐकलंही). आजारी पक्षी मुळात पाणी कमी पितो, कडू लागलं तर आणखी कमी. किती औषध पोटात गेलं, कोण सांगणार?

त्याच्यासाठी जोडीदार आणायचं म्हणतोयस, तर नव्या पाहुण्याला निदान महिनाभर वेगळ्या खोलीत ठेव. पिंजरा साफ करताना कागद ओला करून उचल, धूळ उडू देऊ नकोस. पोपटांकडून माणसाला होणारा एक जिवाणूंचा ताप आहे, सिटॅकोसिस. तुला कधी ताप आणि कोरडा खोकला झाला तर घरात पक्षी आहे हे आपणहून डॉक्टरांना सांग.

औषधाचा कोर्स पूर्ण कर, बरा दिसला म्हणून मध्येच सोडू नकोस. काटा आणलास की सात दिवसांचे आकडे लिहून पाठव. मी इथे ठिपकीच्या जुन्या वहीत पिंगूचं पान काढून ठेवलंय.

तुझा,
सुध्या