आवाज ऐकायला शिकवणाऱ्या काकांना

प्रिय काका,

सादर नमस्कार.

त्या दिवशी तुमच्या गॅरेजमधून दुरुस्त झालेली गाडी घेताना मी आभार मानायला लागले तर तुम्ही हात झटकलात. म्हणालात, "आधी चालवून बघा, मग बोला." चालवून बघितली. उन्हात, पावसात, मागे तिघं आणि डिकीत सामान भरून, सगळी तऱ्हा झाली. आता बोलते. चारचौघांत बोलते, कारण आमच्यासारखी दहा-बारा वर्षांची गाडी आणि तिच्या पोटातली खुटखुट पुष्कळ घरांत आहे, आणि तिच्यावरचं ठरलेलं उत्तरही सगळ्यांना एकच मिळतं: "शॉकअप गेले, बदलून टाका."

आम्हालाही तेच मिळालं होतं. तुमच्याकडे येण्याआधी एका ठिकाणी गाडी दाखवली. त्यांनी गेटपर्यंत एक चक्कर मारली, पुढचे दोन्ही शॉकअप बदलले आणि गाडी हातात दिली. खुटखुट जिथल्या तिथे. परत गेलो तर ऐकवलं, "जुनी गाडी आहे, एवढा आवाज यायचाच." हे वाक्य फार सोयीचं आहे. त्यात काही शोधावं लागत नाही आणि दोष गाडीच्या वयावर जातो.

तुम्ही मात्र गाडीला हातही लावला नाहीत. मी तोंडाने आवाज काढून दाखवत होते, तुम्ही हसून थांबवलंत. "कसा येतो ते राहू दे. कधी येतो ते सांगा." आणि मग प्रश्नांवर प्रश्न. एकच चाक खड्ड्यात गेल्यावर येतो की दोन्ही चाकं स्पीडब्रेकरवर चढल्यावर? हळू असताना जास्त की वेगात? ब्रेक दाबल्यावर बंद होतो का? गाडी उभी ठेवून स्टिअरिंग फिरवलं तर? सकाळी गार असताना आणि तासभर चालल्यावर फरक पडतो का? पाऊस पडून गेला की बदलतो का? आमचे हे मधेच उत्तर द्यायला लागले तेव्हा तुम्ही विचारलंत, "गाडी चालवतं कोण?" मी. "मग त्यांना बोलू द्या." या एका वाक्याचे आभार मी वेगळे मानते. गाडीबद्दल बोलताना मेकॅनिकने माझ्याकडे बघून बोलणं हे अजूनही नेहमी घडत नाही.

उत्तरं देता देता माझ्या लक्षात आलं की आपण ज्याला 'तो आवाज' म्हणतोय ते तीन वेगळे आवाज आहेत. छोट्या-छोट्या खड्ड्यांवर हळू जाताना पुढून डाव्या बाजूने खुटखुट. गतिरोधकावरून उतरताना जुनं दार उघडावं तशी कुरकुर, तीसुद्धा कोरड्या दिवसांतच. आणि पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवलं की कधीतरी एक टंग्. तिन्ही एका पोत्यात बांधून नेल्यावर समोरचा माणूस तरी काय करणार? पण ते पोतं सोडून बघणं हेच तर त्याचं काम.

मग डिकी रिकामी करायला लावलीत. जॅक, त्याचा दांडा, स्टेपनीवरचा ढिला नट, सगळं बाहेर. मागच्या सीटबेल्टचं बक्कल प्लास्टिकवर आपटत होतं, ते लावून टाकलंत. माझ्या मनात आलं, हे काय निदान झालं? पण मागच्या सीटवरून आमच्या सासूबाईंना ऐकू येणारी एक टकटक तिथेच संपली. तुम्ही म्हणालात, लोक सस्पेन्शन (चाकांचे धक्के झेलणारी रचना) उघडतात आणि आवाज डिकीतल्या पान्याचा निघतो.

त्यानंतरची चक्कर माझ्या चांगली लक्षात आहे. तुम्ही शेजारच्या सीटवर, काच खाली, गप्प. आधी त्याच खडबडीत पट्ट्यावरून ब्रेकवर हलका पाय ठेवून न्यायला सांगितलंत. ब्रेक पॅड किंवा कॅलिपरची (पॅड दाबणाऱ्या भागाची) पिन वाजत असेल तर पॅड आवळला गेला की आवाज थांबतो. थांबला नाही. मग स्पीडब्रेकरवरून सरळ, दोन्ही चाकं एकदम. खुटखुट नाही. मग एकच चाक कडेच्या उंचवट्यावरून. खुट्-खुट्. "लिंक रॉड," तुम्ही म्हणालात, आणि लगेच पुढे, "पण बघितल्याशिवाय नाही."

स्टॅबिलायझर बार म्हणजे नेमकं काय ते तेव्हा पहिल्यांदा कळलं. डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी ती वाकवलेली लोखंडी दांडी, आणि तिच्या दोन टोकांना चाकाच्या बाजूशी धरून ठेवणारे दोन छोटे लिंक रॉड. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर दांडी आपल्या बुशांत (रबरी पकडींत) नुसती फिरते, लिंक रॉडवर फारसा ताण येत नाही. एकच चाक उचललं गेलं की दांडी पिळली जाते, लिंक रॉड खेचला-ढकलला जातो, आणि त्याचा बॉल झिजलेला असेल तर तो आपल्या वाटीत ठोके देतो. म्हणून मोठ्या गतिरोधकावर शांत आणि क्षुल्लक खळग्यांवर कटकट. शॉकअपचा यात काही संबंधच नव्हता.

मग तुम्ही जे केलंत ते मी सगळ्यांना सांगत सुटले आहे. नवा पार्ट मागवण्याआधी दोन्ही लिंक रॉड सोडवून बाजूला ठेवलेत, सुटी टोकं कुठे आपटणार नाहीत अशी बांधलीत आणि त्याच पट्ट्यावरून अगदी हळू गाडी काढलीत. चिडीचूप. "वळणावर गाडी जास्त झुकेल, त्यामुळे हे फक्त तपासण्यापुरतं," हेही बजावलंत. पार्टवर खर्च करण्याआधी रोगाचा पुरावा माझ्या कानांना मिळाला होता.

काढलेला डावा रॉड माझ्या हातात दिलात. आडवा धरला तर त्याचा बॉल आपल्याच वजनाने लुळा पडून खाली झुकला. रबरी टोपी फाटलेली, आतलं ग्रीस वाळून त्यात वाळूसारखी किचकिच. शेजारी नवा रॉड ठेवलात. त्याचा बॉल बोटाने ढकलला तर जागचा हलेना. आधीच्या ठिकाणी हे का दिसलं नसेल, तेही तुम्ही कुणाला नावं न ठेवता सांगितलंत. गाडी लिफ्टवर चढवली की चाकं खाली लोंबतात, रॉड नेहमीच्या स्थितीत राहत नाहीत आणि प्ले, म्हणजे सांध्यातली सैल हालचाल, लपू शकतो. तुम्ही गाडी आपल्या चाकांवर उभी असताना खाली सरकून हाताने रॉड हलवून बघितलात, तेव्हा टक्टक् बोटांनाच लागली.

कुरकुरीचा शोध पाण्याच्या बाटलीने घेतलात. एकेका रबरी बुशवर पाणी मारायचं, गाडी वरून दाबून हलवायची, ऐकायचं. लोअर आर्मच्या, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या, मागच्या बुशवर पाणी पडलं आणि कुरकुर थांबली. पावसाळी दिवसांत ती का गायब व्हायची तेही उलगडलं. मी म्हटलं, मग तेल टाकू का थोडं? तुमचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तेलाने रबर फुगतं आणि मऊ पडतं. पाणी हे विचारण्यापुरतं, इलाज म्हणून नाही. मग टॉमी (लोखंडी पहार) लावून आर्म किंचित रेटलात, तर रबर आतल्या लोखंडी नळीपासून सुटलेलं स्पष्ट दिसलं. बुश बदलणं भागच होतं.

इथे एक गोष्ट घडली, जी मी उभी नसते तर मला कधीच कळली नसती. तुमचा मदतनीस गाडी जॅकवर असतानाच आर्मचे बोल्ट पक्के आवळायला निघाला होता. तुम्ही थांबवलंत. आधी गाडी खाली, चाकांवर पूर्ण वजन, मग शेवटचा आवळ. चाक लोंबत असताना बोल्ट आवळला तर रबर त्या स्थितीत घट्ट धरलं जातं आणि गाडी जमिनीवर आली की ते कायमचं पिळलेलं राहतं. हातातलं फडकं पिळून धरून दाखवलंत: "असं दिवसरात्र ठेवलं तर फाटेल नाहीतर काय?" नवी बुश वर्षभरात गेली म्हणून लोक कंपनीला शिव्या देतात, त्यातल्या बऱ्याच अशाच मेलेल्या असणार, असं आपलं माझं मत. आर्म सोडवला होता म्हणून चाकांचं अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करून घ्यायलाही तुम्हीच पाठवलंत.

आणि काय काय बदललं नाहीत, त्याचे आभार तर राहिलेच. चाक उचलून घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी धरून हलवलंत, मग ३ आणि ९ च्या जागी. टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगला चाकाशी जोडणारा सांधा, ठीक. वर-खाली धरताना अगदी बारीक प्ले जाणवला, तेव्हा मला ब्रेक दाबून धरायला सांगितलंत. प्ले गेला. ब्रेकने जातो तो चाकाच्या बेअरिंगचा, तरीही राहतो तो बॉल जॉइंटचा (आर्म आणि चाकाची बाजू जोडणारा गोळ्याचा सांधा) किंवा आर्मचा. बेअरिंगचा घूंऽ आवाज अजून नाही, तेव्हा लक्ष ठेवा, इतकंच सांगितलंत. टॉर्चने स्प्रिंगचा सगळ्यात खालचा वेढाही बघितलात, कारण तिथे तुटलेला तुकडा बैठकीत लपून राहतो. सगळं शाबूत होतं आणि तसंच राहू दिलंत. लिंक रॉड महिनोन्‌महिने वाजत राहिला तरी सहसा डोक्याला ताप, बाकी काही नाही. बॉल जॉइंट निसटला तर चाक दुमडतं. हा फरक गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला कुणीतरी सांगायला हवा. मला तुम्ही सांगितलात.

राहता राहिला पार्किंगमधला टंग्. मला स्टिअरिंग फिरवायला लावून तुम्ही बाहेरून स्प्रिंगवर नुसते बोटांचे शेंडे टेकवलेत. स्प्रिंग अडकत होती आणि एकदम सुटत होती. नंतर मी घरी वाचलं की पुढची ही रचना अर्ल मॅकफर्सन नावाच्या अभियंत्याची, १९५० च्या फोर्ड कॉन्सलसारख्या गाड्यांपासून रुळलेली. तिच्यात स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात, आणि तो अख्खा खांब स्टिअरिंगबरोबर फिरतो. म्हणजे वरच्या माउंटमधलं (खांब गाडीला जिथे बसवतात तिथलं) बेअरिंग जड झालं की स्प्रिंग पिळली जाणारच. खरं म्हणजे शॉकअप बदलले तेव्हाच हे माउंट हातात आलं होतं. तेव्हाच बघायला हवं होतं, पण ते जाऊ दे. तुम्ही म्हणालात, अजून चालेल. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येईनासं झालं की या. अजून सरळ येतंय.

एक विचारायचं होतं. मागच्या उजव्या शॉकअपवर वरच्या बाजूला तेलकट ओल दिसते, धूळ चिकटलेली. ओघळ नाही, खाली थेंब नाही. ओल वेगळी आणि गळती वेगळी, असं तुम्हीच सांगितलं होतंत, म्हणून पुसून ठेवली आहे. पुढच्या आठवड्यात तिकडून जाणार आहे, तेव्हा पुन्हा ओली झाली का ते तुम्हीच बघा. डिकी रिकामी करून आणते.

तुमची,
जुन्या गाडीची चालक